जुनी टुरिंग मोटरसायकल घेताना: किलोमीटरच्या आधी वजन आणि वायरिंग बघा

टुरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलच्या मीटरवर ६०,००० किलोमीटर दिसले की बरेच जण तिथूनच परत फिरतात, आणि दहा वर्षांत ८,००० किलोमीटर चाललेली चकचकीत गाडी खुशीत घरी आणतात. टुरिंग गाडीच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याचदा उलटा पडतो. हायवेवर इंजिन पूर्ण गरम असतं, आरपीएम स्थिर असतो, क्लच आणि गिअर कमी वापरले जातात. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाला ६०,००० किलोमीटरने फारसं काही होत नाही. उभ्या गाडीत मात्र जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंजेक्टरमध्ये बसतो, ऑइल सील सुकतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि टायर कडक होतात.

टुरिंग गाडीला खरा त्रास होतो तो दोन गोष्टींचा: मागे लादलेलं वजन आणि नंतर जोडलेली विजेची उपकरणं. दोन माणसं, बाजूच्या दोन पेट्या, वर टॉप बॉक्स. पुढे फॉग लाइट, मोबाइल चार्जर, हीटेड ग्रिप. त्यामुळे तपासणीचा मोठा वेळ गाडीच्या मागच्या अर्ध्या भागावर, बेअरिंगवर आणि वायरिंगवर द्या. निवांत दोन तास हातात ठेवा, दिवसाउजेडी जा आणि गाडी धरायला कुणीतरी सोबत घ्या. टॉर्च, मल्टिमीटर, छोटा आरसा, पाना, पांढरं कापड, हवेचा गेज आणि सुतळीचा गुंडा एवढी हत्यारं पुरतात.

फोनवर दोन गोष्टी आधीच बोलून घ्या. एक, तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. दोन, टायर, चेन-स्प्रॉकेट, बॅटरी, ब्रेक ऑइल आणि टॅपेट (इंजिनच्या वाल्वचं अंतर जुळवणं) शेवटचे कधी झाले आणि त्यांची बिलं आहेत का. ज्याने गाडी मनापासून सांभाळली आहे तो तारखा नसल्या तरी किलोमीटर सांगतो. ‘सगळं केलेलं आहे’ हे उत्तर मात्र कोरं धरायचं. गाडी कुठे कुठे फिरली तेही विचारा. समुद्रकाठी बराच काळ राहिलेल्या गाडीचे स्पोक, रेडिएटरचा खालचा भाग आणि मागच्या शॉकअपचे बोल्ट खारट हवेने गंजलेले असतात.

थंड इंजिन

पोचल्यावर आधी इंजिनच्या केसिंगला हात लावून बघा. ते कोमट लागलं, तर थंड गाडी सुरू होताना जे दिसतं ते तुमच्यापासून लपवलेलं असू शकतं. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायची तयारी ठेवा.

ऑइल बघायचं तेही आत्ताच. गाडी सरळ उभी करून काचेतून पातळी आणि रंग बघा. काळं ऑइल चालतं. दुधी, चहासारखा रंग म्हणजे पाणी किंवा कूलंट आत शिरलंय. कूलंटची टाकीही उघडून बघा. कूलंट तांबूस गढूळ असेल तर ते वर्षानुवर्षं बदललेलं नाही, आणि वर तेलाचा तवंग असेल तर गॅस्केट किंवा वॉटर पंपाचं सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळाचा डाग आलेला असेल तर आतलं सील संपत आलंय.

चावी फिरवली की सेल्फ मारण्याआधी डॅशबोर्ड बघा. इंजिनचा दिवा, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आणि ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. दिवा मुळात लागतच नसेल तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे सरकल्यावरच विझतो, त्यात काही गैर नाही.

सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली तर ती ऑइल वर चढेपर्यंतची. ती थांबलीच नाही तर इंजिनमधल्या टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे ती चेन ताणून धरणारा भाग, तपासावा लागेल. टॅपेटची हलकी टिकटिक मात्र चांगली. इंजिन एकदम शांत आहे म्हणून खूश होऊ नका, कारण वाल्वचं अंतर कमी होत गेलं की आवाज वाढत नाही, उलट कमी होतो. अंतर संपलं की एक्झॉस्ट वाल्व नीट बसत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळते. टॅपेट तपासण्याची मुदत मॉडेलनुसार बदलते. बऱ्याच आधुनिक गाड्यांत ती साधारण २४,००० ते ४२,००० किलोमीटरच्या दरम्यान असते. टुरिंग गाडीत यासाठी फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण), टाकी असं बरंच काही उतरवावं लागतं, त्यामुळे सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम हेच. याचं बिल नसेल तर काम झालेलं नाही असंच धरा आणि त्याचा खर्च भावातून कमी करा.

धुराचा रंग सगळ्यांना माहीत असतो, पण तो कधी निघतो हे जास्त महत्त्वाचं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर निळा धूर आला तर वाल्व सील गेलेत, पिळल्यावर आला तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जातं. थंडीत सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे वाफ. इंजिन गरम झाल्यावरही तो गोडसर वासासकट येत राहिला तर कूलंट जळतंय.

कच्च्या रस्त्यांवर फिरलेली गाडी असेल तर एअर फिल्टर काढायला सांगा. फिल्टर स्वच्छ असून भागत नाही. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवा. तिथे मऊ धूळ लागली तर ती आत सिलिंडरपर्यंत गेलेली आहे आणि रिंगा घासल्या गेल्यात. अशी गाडी बाहेरून कितीही देखणी असली तरी सोडा. इंजिनाखालची बॅश प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारी पट्टी, नवीकोरी असेल तर ती उतरवून तिच्या वरचा ऑइलचा चेंबर बघा. ऑइल बदलायच्या नटाचे आटे गेलेले किंवा चेंबरला पुट्टी लावलेली तिथेच सापडते.

मागचा सांगाडा

दोन्ही पेट्या, टॉप बॉक्स आणि सीट उतरवा. विकणाऱ्याला कंटाळा आला तरी हे करायचंच. मागचा सांगाडा, म्हणजे सबफ्रेम, टुरिंग गाडीत सर्वांत जास्त सोसते आणि ती प्लॅस्टिकखाली झाकलेली असते. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेला असतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात त्याचं वजन पहारीसारखं सांगाडा खाली ओढतं. म्हणून तर टॉप बॉक्सवर किंवा कॅरिअरवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती बऱ्याचदा अवघी ५ ते १० किलो असते. लोक मात्र त्यात अवजारांपासून तंबूपर्यंत सगळं कोंबतात.

टॉर्च तिरपी धरून प्रत्येक वेल्ड बघा: कॅरिअरचे बोल्ट जिथे बसतात तिथे, सीटखालच्या आडव्या पट्टीशी आणि सबफ्रेम मुख्य फ्रेमला मिळते त्या जोडाशी. लोखंडात तडा जायला लागला की रंगावर केसाएवढी तांबूस रेघ उमटते. ॲल्युमिनियमला गंज येत नाही, तिथे बारीक काळी रेघ शोधावी लागते. बाकी सांगाडा मळका आणि एकाच जोडावर ताजा काळा रंग असेल तर तिथे वेल्डिंग झालंय. नंतर मागे पाच पावलं जाऊन उभे राहा. दोन्ही पेट्या परत लावल्यावर त्यांचं चाकापासूनचं अंतर सारखं आहे का बघा. एक पेटी आत दबलेली असेल तर गाडी त्या बाजूवर पडलेली आहे. पेट्यांची कुलपं, झाकणाचं रबर आणि सगळ्या चाव्या तिथल्या तिथे तपासा. इमोबिलायझरची (चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) दुसरी चावी नसेल तर ती नव्याने करून घेणं बरंच महाग पडू शकतं.

आता मागचा शॉकअप. सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाब देऊन सोडा. गाडी वर येऊन एकदाच स्थिर व्हायला हवी. दोन-तीन हेलकावे घेतले तर डॅम्पिंग, म्हणजे उसळी रोखण्याची ताकद, संपलंय, मग स्प्रिंग कितीही कडक केली तरी उपयोग नाही. रॉडवर तेलाची ओल आहे का बघा. प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग कमी-जास्त कडक करायचं, चाक किंवा रिंग खरंच फिरते का, हे स्वतः फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहून ती जाम झालेली असते. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर एकेक मोड लावून फरक जाणवतो का ते पाहा, कारण त्यातला शॉकअप साध्यापेक्षा कितीतरी महाग असतो.

बेअरिंग

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. किंचितही खटका जाणवला तर तो चाकाच्या बेअरिंगचा की स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा), हे ठरवायला सोबतच्या माणसाला स्विंगआर्मच्या बुडाशी बोट ठेवायला सांगा. खटका तिथे जाणवला तर स्विंगआर्मचं बेअरिंग किंवा बुश गेलेत.

मग मागे वजन देऊन पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. ते लोण्यासारखं फिरायला हवं. मधोमध, चाक सरळ असताना, ते एखाद्या खाचेत बसल्यासारखं थबकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलायला झालाय. हजारो किलोमीटर सरळ चालवल्याने गोळ्या एकाच जागी ठोकल्या जातात आणि तिथे खड्डे पडतात, म्हणून टुरिंग गाडीत हा दोष हमखास शोधायचा. यानंतर फोर्कची, म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन्ही शॉकअपची, खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. इथे टक् असा आवाज आला तर बेअरिंग ढिलं आहे.

फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि पांढऱ्या कापडाने पुसा. तेलाची रिंग उमटली तर सील गेलंय. सील बदलणं फार मोठं काम नाही, पण नळीवर गंजाचे टोचे असतील तर नवं सीलही लवकरच फाटतं.

पडलेली गाडी ओळखणं

पेग, लिव्हर आणि हँडलची टोकं, इंजिनची कव्हरं यांवरचे ओरखडे सगळे बघतात, आणि विकणाराही तेच भाग बदलतो. न बदलता येणारी जागा म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमला जिथे टेकतं तो ठोकळा. जोराची धडक बसली की तो चेपतो, वाकतो किंवा त्याचा तुकडा उडतो. दोन्ही बाजूंचे ठोकळे आरशाने बघा. फ्रेमच्या पुढच्या गळ्याशी रंगाला सुरकुत्या आहेत का तेही पाहा. सुतळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पुढपर्यंत ताणून धरा: पुढचं चाक सरळ असताना दोन्हीकडे सारखं अंतर राहिलं पाहिजे.

चेन, शाफ्ट, टायर, ब्रेक

मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून मागे ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन संपली. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलाई मोजा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी घट्ट असेल तर कड्या जाम झाल्यात. ॲडजस्टरची खूण शेवटापर्यंत गेली असेल तर पुढे ताणायला जागाच उरलेली नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नेहमी एकत्रच बदलावे लागतात. चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या गाडीत चेनची कटकट नसते, पण मागच्या ड्राइव्हच्या सीलजवळ तेल आणि चाकात खेळ दोन्ही सोबत असतील तर ते काम चेन सेटपेक्षा फार मोठं. ड्राइव्हचं ऑइल काढून बघता आलं तर नटाच्या चुंबकावर करडा मऊ लगदा असणं ठीक आहे. तिथे चकाकणारे तुकडे नकोत.

टायरच्या कडेवर ‘DOT’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरमध्ये नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो बदलायचा असंच धरा. मागचा टायर मधोमध सपाट झालेला असेल तर गाडी सरळ हायवेवर फिरलीय. त्यात वाईट काही नाही, फक्त वळणावर ती अडखळल्यासारखी झुकते. लोड इंडेक्सही, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडाही बघा. ७३ म्हणजे ३६५ किलो, ६९ म्हणजे ३२५ किलो. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमीचा टायर कुणी स्वस्तात बसवला असेल तर दोन माणसं आणि सामान घेऊन तो वापरू नये. स्पोकची चाकं असतील तर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करा. ताणलेला स्पोक खणखणतो, ढिला ठस्स वाजतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. बऱ्याच डिस्कमध्ये ती नव्या जाडीपेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटरच कमी असते, त्यामुळे कडेला नखात अडकणारा काठ लागला तर डिस्क मर्यादेपाशी आलीय. ब्रेक ऑइल फिकट पिवळं हवं. ते चहासारखं तपकिरी असेल तर दोन वर्षांची मुदत कधीच उलटलीय आणि एबीएसच्या मॉड्यूलमध्ये आतून गंज धरायला सुरुवात झालेली असू शकते. एबीएसचं मॉड्यूल हा ब्रेकमधला सर्वांत महागडा भाग आहे.

वायरिंग

गाडीचा स्टेटर, म्हणजे इंजिनमधला वीज तयार करणारा भाग, ठरावीक वॅटच वीज देतो. हीटेड ग्रिपच ३० ते ४० वॅट खातात, त्यात दोन फॉग लाइट आणि चार्जर जोडले की इंजिन मंद असताना बॅटरीवर ताण येतो. मल्टिमीटर बॅटरीवर लावा. बंद गाडीत १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू करून ४,००० ते ५,००० आरपीएमवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. मग सगळे दिवे आणि ग्रिप चालू करून पुन्हा मोजा. १३ च्या आसपास घुटमळला तर स्टेटर किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (स्टेटरची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) अशक्त आहे. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तो बॅटरी उकळवेल.

स्टेटर ते रेग्युलेटर हा प्लग उघडून बघायला मिळाला तर उत्तम. त्याचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं असेल तर तिथला जोड बराच काळ जास्त तापत आलाय. नंतर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची वायर शोधा. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज आणि रिले घेऊन केलेलं काम चांगलं. मूळ वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळलेलं काम असेल तर पुढे रात्री, पावसात, सामान लादलेल्या गाडीवर दोष शोधत बसायची वेळ येते. हेडलाइटच्या मागचा गुंताही टॉर्चने बघा. साइड स्टँडचा स्विच तपासण्यासाठी क्लच दाबून गाडी गिअरमध्ये टाका आणि स्टँड खाली करा. इंजिन बंद झालंच पाहिजे. ते होत नसेल तर कुणीतरी स्विच परस्पर जोडून टाकलाय.

चालवून बघणं

पाच मिनिटांची फेरी पुरत नाही. निदान अर्धा तास, आणि त्यातला काही भाग मोकळ्या रस्त्यावर हवा. वरच्या गिअरमध्ये ६० च्या वेगात एकदम ॲक्सिलरेटर पिळा. आरपीएम चढला आणि वेग चढला नाही तर क्लच प्लेट घसरतायत. प्रत्येक गिअरमध्ये जोर देऊन मग सोडा. दुसऱ्या गिअरला जास्त लक्ष द्या, कारण झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये तोच बहुधा आधी निसटतो, आणि तो बदलायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं. ७० वरून ५० वर येताना हँडल थरथरतं का ते पकड सैल ठेवून जाणवून घ्या. हात मात्र हँडलवरून काढू नका. ब्रेक हळूहळू वाढवत नेल्यावर लिव्हर हातात धडधडला तर डिस्क आउट, म्हणजे वाकडी झालेली आहे. रिकाम्या, कोरड्या, सरळ जागेत कमी वेगात मागचा ब्रेक जोरात दाबून एबीएस लागतो का पाहा. क्रूझ कंट्रोल असेल तर तो पुढच्या ब्रेकने, मागच्या ब्रेकने आणि क्लचने असा तिन्ही प्रकारे सुटतो याची खात्री करा. शक्य असेल तर काही अंतर मागे माणूस बसवून चालवा. थकलेला शॉकअप वजन पडल्यावरच बोलतो.

परत आल्यावर गाडी तशीच चालू उभी ठेवा, पंखा लागेपर्यंत. पंखा फिरल्यावर तापमान खाली यायला हवं. मग बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि तापलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारा. लगेच सुरू झाली पाहिजे. तोवर इंजिनखाली पडलेले थेंबही दिसून येतील.

कागद आणि सौदा

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी अक्षरन् अक्षर जुळवा. कोरलेल्या जागी घासल्याच्या किंवा पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील तर तिथूनच निघा. कागदावरचं नाव आणि समोरचा माणूस एकच आहे का, कर्ज किंवा दंड बाकी आहे का, हे पैसे देण्याआधी स्पष्ट व्हायला हवं. कंपनीने त्या चेसिस नंबरासाठी काही भाग परत बोलावून बदलून दिलेत का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं.

भाव बोलताना येत्या वर्षात लागणाऱ्या गोष्टींची यादी समोर ठेवा: दोन टायर, चेन सेट, बॅटरी, टॅपेट, फोर्क सील, कोनसेट. ही सगळी झिजणारी कामं आहेत; त्यांचा खर्च वजा करून गाडी घ्यायला हरकत नाही. फ्रेमला तडा, इंजिनच्या खालच्या भागातून ठोक्याचा आवाज, ऑइलमध्ये कूलंट, निसटणारा गिअर किंवा कापलेली मुख्य वायरिंग असेल तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नका.

गाडी घरी आली की ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट पहिल्याच आठवड्यात बदला, मागच्या सांगाड्याचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कवर घट्ट करा, आणि लांबच्या प्रवासाआधी पूर्ण सामान लादून दोन-तीनशे किलोमीटरची एक फेरी मारा. त्या फेरीनंतर कॅरिअरचे बोल्ट, चेनची ढिलाई आणि बॅटरीचे व्होल्ट पुन्हा एकदा तपासा.